मुक्त म्हणजे फुकट नव्हे : डेबियनमधल्या पगाराच्या भांडणाचा इतिहास

'चळवळीचे काम आहे, त्याचे पैसे कसले मागतोस?' आमच्यापैकी ज्याला ज्याला संगणक येतो त्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकले आहे. जयंतीचे बॅनर, संघटनेची वेबसाइट, शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी, वधूवर मेळाव्याची नोंदणी, सगळे रात्री जागून आणि स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरून करून द्यायचे. पैशाचा विषय निघाला की समोरच्याचा चेहरा पडतो. खरे सांगायचे तर मागताना आमचाही पडतो, कारण आम्हालाही तेच शिकवले गेले आहे.

दुसरीकडे हीच पोरे नोकरीच्या मुलाखतीला जातात तेव्हा विचारले जाते, 'गिटहबवर तुमचे काय काम आहे? कोणत्या ओपन सोर्स प्रकल्पात योगदान दिले?' कॉलेज सुटल्यावर रात्री दहापर्यंत मेडिकल स्टोअरमध्ये उभा राहणारा मुलगा काय उत्तर देणार? त्याच्याकडे बुद्धी आहे, फुकट द्यायला वेळ नाही. ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे, ज्याला घरी पैसे पाठवायचे नाहीत, त्याच्याकडे तो वेळ आहे. मग मुलाखत घेणारा त्या वेळालाच 'पॅशन' म्हणतो आणि दोघांतून कुणाला निवडायचे ते ठरते.

म्हणून स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पांनी डेव्हलपरला पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न केवळ अमेरिका-युरोपातल्या संगणकवाल्यांचा नाही, आपलाही आहे. २००६ साली डेबियन नावाच्या प्रकल्पात तो असा पेटला की निवडून आलेल्या प्रमुखाला पदावरून परत बोलावण्याचा ठराव मतदानाला गेला. त्या भांडणाचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावा असा आहे.

आधी एक शब्दाचा घोटाळा मिटवू. इंग्रजीतल्या 'फ्री' शब्दाला दोन अर्थ आहेत आणि त्यामुळे तिकडे चाळीस वर्षे गोंधळ चालू आहे. मराठीत तो व्हायला नको, कारण आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८४ च्या सुरुवातीला एमआयटीमधली नोकरी सोडली. त्यांची मागणी अशी होती की सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा कोड वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला हवे. पैसे घेऊ नका असे त्यांनी कधीच म्हटले नाही. ते स्वतः ईमॅक्स या प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकत होते, आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पगार देऊन प्रोग्रामर ठेवले. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या मुळाशी फुकट श्रमाचा आग्रह नव्हता. तो नंतर आला, आणि हळूहळू सद्गुण म्हणून मिरवू लागला.

आता डेबियनकडे. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी हा प्रकल्प जाहीर केला. लिनक्सवर चालणारी, हजारो प्रोग्राम एकत्र बांधून दिलेली पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे डेबियन. जगातले असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात पाहिलेली उबुंटू तिच्यावरच उभी आहे. ही सगळी व्यवस्था कुठल्या कंपनीची नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजार स्वयंसेवक ती चालवतात. त्यांची स्वतःची लिखित घटना आहे. दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडला जातो, सर्वसाधारण ठराव मांडता येतो, प्रमुखाला परतही बोलावता येते. घटनेवर श्रद्धा असलेल्या आम्हा लोकांना या प्रकल्पाबद्दल आपुलकी वाटते ती यामुळे. लोकशाही नुसती बोलायची नसते, तिची कलमे लिहून ठेवायची असतात, हे त्यांना कळले होते.

पण या प्रकल्पाला एक जुने दुखणे होते. नवी आवृत्ती वेळेवर निघायची नाही. 'वुडी' ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली. तिच्यानंतरची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडले. मधल्या काळात, २००४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतले उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी कॅनॉनिकल ही कंपनी काढली, डेबियनमधलेच काही डेव्हलपर पगारावर घेतले आणि दर सहा महिन्यांनी उबुंटूची आवृत्ती काढायला सुरुवात केली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००६ मध्ये अँथनी टाउन्स हे ऑस्ट्रेलियन डेव्हलपर डेबियनचे प्रमुख निवडून आले. पुढची आवृत्ती 'एच' ४ डिसेंबर २००६ ला काढायचे ठरले होते. तारीख पाळायची असेल तर रिलीज मॅनेजरचे काम नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात होणारे नाही, हे दिसत होते. हजारो पॅकेजपैकी कोणते आत घ्यायचे, कोणते बाहेर ठेवायचे, कोणता बग आवृत्ती अडवून धरण्याइतका गंभीर आहे, कुणाच्या मागे लागून तो दुरुस्त करून घ्यायचा, असे हे काम. नाव फारसे होत नाही, शिव्या भरपूर मिळतात. सप्टेंबरमध्ये टाउन्स आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी 'डंक-टँक' नावाचा प्रयोग जाहीर केला. देणग्या गोळा करायच्या आणि स्टीव्ह लँगासेक व आंद्रेआस बार्थ या दोन रिलीज मॅनेजरना एकेक महिना पूर्णवेळ कामासाठी पैसे द्यायचे. दोन माणसे आणि दोन महिने, एवढाच प्रयोग.

एवढ्यावरून आग लागली.

विरोधकांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ते म्हणाले, आजवर आपण सगळे समान होतो, आता पैसे घेणारे आणि न घेणारे अशा दोन श्रेणी होतील. दहा वर्षे रात्री जागून पॅकेज सांभाळणाऱ्याने शेजाऱ्याला पगार मिळताना पाहायचे आणि तरी तितक्याच उमेदीने काम करायचे, हे होणार नाही. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता जाईल. त्यांनी विरोधाचे संयुक्त निवेदन काढले. काहींनी निषेध म्हणून आपले काम कमी केले. काहींनी 'डंक-बँक' नावाचा विडंबनी प्रकल्प काढून जास्तीत जास्त बग शोधण्याचा विडा उचलला, म्हणजे आवृत्ती आणखी लांबेल! टाउन्स यांना परत बोलावण्याचा ठराव मतदानाला आला आणि फेटाळला गेला. डिसेंबरची तारीख मात्र हुकली. 'एच' बाहेर आली ८ एप्रिल २००७ ला.

पैसे देऊनही उशीर झाला, म्हणजे प्रयोग फसला, असे विरोधक म्हणाले. पैसे दिले नसते तर आणखी उशीर झाला असता, असे समर्थक म्हणाले. यातले काहीच मोजून सिद्ध करता येत नाही आणि त्यात आम्हाला फारसा रसही नाही. आम्हाला दिसते ते दुसरेच.

'आपण सगळे समान होतो', हे वाक्य खरे होते का? डेबियनमध्ये त्या वेळीही अनेक जण कामाच्या वेळेत डेबियनचे काम करत होते, कारण त्यांची कंपनी किंवा विद्यापीठ त्यासाठी पगार देत होते. कॅनॉनिकलचे उदाहरण वर दिलेच आहे. त्या पगारावर कधी मतदान झाले नाही. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे पाहा. लिनक्स फाउंडेशनच्या २०१० नंतरच्या अहवालांनी दाखवले की कर्नेलचे ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी डेव्हलपर करतात. आपल्या मराठीचेच घ्या. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून जो लोहित फॉन्ट आपण वर्षानुवर्षे वापरला, तो रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने वाढला, पुण्यातल्या पगारी लोकांच्या हातून. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात पैसा आधीपासूनच होता. भांडण झाले ते पैसा उघडपणे, प्रकल्पाच्या दारातून आत आला तेव्हा. मागच्या दाराने येत होता तोवर सगळे समान होते.

म्हणून आमचे म्हणणे असे : प्रत्येक स्वयंसेवकाच्या मागे कुणाचा तरी पगार उभा असतो. स्वतःचा असेल, बापाचा असेल, बायकोचा असेल, सरकारचा किंवा कंपनीचा असेल. ज्याच्या मागे असा पगार नाही तो स्वयंसेवकांच्या यादीत दिसतच नाही. त्याला कुणी हाकलत नाही, त्यामुळे कुणावर दोषही येत नाही. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष आणि फक्त ३ टक्के स्त्रिया होत्या. घरचा स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे हे बिनपगारी काम ज्यांच्या माथी आहे त्यांनी आणखी एक बिनपगारी काम कुठून करायचे? जातीचा रकाना त्या सर्वेक्षणात नव्हता. असता तर काय दिसले असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

'सेवा' हा शब्द आपल्या कानाला वेगळा लागतो, त्यालाही इतिहास आहे. महार वतन म्हणजे काय होते? दिवसरात्र, वेळेचा हिशेब नसलेले सरकारचे आणि गावाचे काम. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. त्याला नाव मात्र 'वतन', जणू मोठा मान! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हा मानाचा मुखवटा काढण्यासाठी. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. डेबियनचा डेव्हलपर वेठबिगार होता असे आम्ही म्हणत नाही, तशी तुलना करणे आपल्या आजोबा-पणजोबांचा अपमान ठरेल. तो स्वखुशीने येत होता, स्वखुशीने जाऊ शकत होता. पण फुकट श्रमाला मोठे नाव दिले की त्याचा हिशेब विचारणाराच हलका ठरतो, ही युक्ती आम्ही ओळखतो.

सार्वजनिक कामाला वेतन असावे की नसावे, हा वाद संगणकापेक्षा फार जुना आहे. इंग्लंडमधल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या सनदेत सहा मागण्या केल्या. त्यातली एक होती, संसद सदस्यांना वेतन द्या. कामगाराला मताचा अधिकार मिळाला पण निवडून गेल्यावर खायचे काय, हा प्रश्न राहिला तर संसद जमीनदारांचीच राहणार, हे त्यांना कळले होते. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडले. जमीनदारांचा युक्तिवाद काय होता? पैसे दिले की पोटार्थी लोक येतील, राजकारणातली निष्ठा जाईल. डेबियनच्या वादातही हाच सूर होता.

आपल्याकडे १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले. काँग्रेसने त्यागाचा आदर्श म्हणून महिना ५०० रुपये ठरवले होते. सगळीकडे वाहवा चालली असताना बाबासाहेबांनी त्यावर टीका केली. पगार ठरवताना राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांचा विचार करावा लागतो, अशी त्यांची मांडणी होती. ते भाषण आजही वाचण्यासारखे आहे. त्याग हा शब्द ऐकून भारावून न जाता त्यामागचा हिशेब मांडायचा, ही त्यांची रीत.

यावर आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते नेहमी म्हणतात, 'बाबासाहेबांनी कुठे मानधन घेतले? बहिष्कृत भारताचे चोवीसच्या चोवीस रकाने एकटे भरत होते!' खरे आहे. पण त्यांनीच १९२८ च्या फेब्रुवारीत त्याच पत्रात, बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नाही काय, असा सवाल समाजाला केला होता, हे दादा विसरतात. फुकट काम केल्याचा तो अभिमान नव्हता, समाजापुढे मांडलेला हिशेब होता. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये ते पत्र बंद पडले. त्याआधी 'मूकनायक' सुरू झाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. निष्ठा दोन्ही वेळेला तितकीच होती, कमी पडला तो पैसा.

मग मान्यवर कांशीरामजींचे बामसेफ? ६ डिसेंबर १९७८ ला स्थापन झालेल्या या संघटनेने सरकारी नोकरीतल्या आपल्या माणसांना सांगितले की समाजामुळे तुम्हाला नोकरी मिळाली, आता वेळ, बुद्धी आणि पैसा समाजाला परत द्या. हे स्वयंसेवेचे फार मोठे उदाहरण आहे, आणि त्यात कसलीही लपवाछपवी नव्हती. स्वयंसेवकामागे पगार कुणाचा, हे तिथे स्पष्ट होते. आरक्षणातून मिळालेली कायम नोकरी हा त्या त्यागाचा पाया होता. आज तो पाया कुठे आहे? कायम जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटी भरती चालू आहे, आमच्या पिढीतली मुले डिलिव्हरी आणि कॉल सेंटरमध्ये आहेत. वडिलांच्या पिढीने पगाराच्या आधारावर दिलेला वेळ या पिढीकडून बिनपगारी मागणे म्हणजे रिकाम्या विहिरीत बादली सोडणे.

फुकट कामावर उभी राहिलेली व्यवस्था शेवटी सगळ्यांनाच महागात पडते, हेही जगाने पाहिले. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड हा दोष उघड झाला. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्यांचे व्यवहार ज्या ओपनएसएसएल या प्रोग्रामच्या भरवशावर सुरक्षित होते, त्यात दोन वर्षे भगदाड होते. मग लोकांना कळले की या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा जवळजवळ एकच माणूस होता. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या त्याच्या खांद्यावर बसल्या होत्या. बोभाटा झाल्यावर याच महिन्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अ‍ॅमेझॉन वगैरेंनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला, प्रत्येकी वर्षाला किमान एक लाख डॉलर. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. तो प्रकल्प एकटा, थकलेला, बिनपगारी माणूस सांभाळत होता. कुणीतरी दोनेक वर्षे मदतनीस बनून त्याचा विश्वास मिळवला आणि मग घात केला. त्या माणसाने आधीच सगळ्यांसमोर सांगितले होते की हा आपला बिनपैशाचा छंद आहे. ते ऐकून कुणी पैसे दिले नाहीत. उलट काम लवकर करत नाही म्हणून त्याला सुनावले गेले.

तर पैसे द्यावेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण विरोधकांच्या एका मुद्द्यापाशी आम्ही थांबतो, कारण तो आपल्या वर्मावर बोट ठेवतो : कुणाला द्यायचे हे कोण ठरवणार? डंक-टँकमध्ये ते टाउन्स आणि त्यांच्याभोवतीच्या मोजक्या लोकांनी ठरवले. त्यांनी सांगितले की हा डेबियनचा अधिकृत उपक्रम नाही, बाहेरचा आहे. पण प्रकल्पाचा निवडून आलेला प्रमुखच तो चालवत होता. मग बाहेरचा कसा? घटना असलेल्या संस्थेत घटनेला वळसा घालून चांगले काम केले तरी ते लोकांना टोचते, आणि टोचलेच पाहिजे. आधी सर्वसाधारण ठराव आणला असता, निकष ठरवले असते, हिशेब कुठे मांडणार ते सांगितले असते, तर कदाचित ठराव पडलाही असता. पण मग भांडण पगाराच्या तत्त्वावर झाले असते. प्रत्यक्षात ते बरेचसे विश्वासावर झाले. 'फंडिंगवाले' म्हणून आपल्याकडे ज्यांच्या नावाने बोटे मोडली जातात, तिथलाही खरा राग पगाराचा नसतो. पैसा कुठून आला, कुणाला किती मिळाला, हे कुणी सांगत नाही, त्याचा असतो.

डेबियनने पुढे वाट काढली ती गंमतीची आहे. २०१४ पासून जुन्या आवृत्तीला जास्त काळ सुरक्षा दुरुस्त्या पुरवण्याचे काम पैशावर चालते. ते काम कंटाळवाणे, स्वयंसेवकांना नको असलेले. फ्रान्समधली फ्रेक्सियन ही एका डेबियन डेव्हलपरची कंपनी अनेक कंपन्यांकडून वर्गणी गोळा करते आणि डेव्हलपरना तासांप्रमाणे मोबदला देते. कोणी किती तास काम केले याचा अहवाल दर महिन्याला जाहीर होतो. २००६ सारखा वणवा पेटला नाही. ग्नोममधून सुरू झालेल्या आउटरीची या उपक्रमातही डेबियनने भाग घेतला. ज्यांना भेदभावामुळे या जगात शिरता येत नाही त्यांना मानधन देऊन काही महिने प्रकल्पात काम शिकवायचे, असा तो उपक्रम आहे. आपल्या मुलामुलींनी त्याची माहिती काढावी आणि अर्ज करावेत, ही आमची आग्रहाची विनंती. अर्ज इंग्रजीत असतो, त्याला घाबरू नका. लिहायला मदत लागली तर आम्ही आहोत.

राहिला आपल्या घरचा प्रश्न. जयंतीनंतर मंडळ हिशेबाचा फलक लावते. त्यावर मंडप, साउंड, रोषणाई, भोजनदान, पाहुण्यांचा प्रवास, सगळ्यांचे आकडे असतात. गेल्या वर्षी पूर्ण कार्यक्रमाची वेबसाइट आणि वर्गणीची ऑनलाइन नोंद बीसीए करणाऱ्या एका मुलीने सांभाळली. फलकावर तिचे नाव 'विशेष सहकार्य' या ओळीत होते, पुढे आकडा नव्हता. यंदा तिच्या नावापुढे आकडा असावा, आणि तो सगळ्यांसमोर चर्चा करून ठरावा, असे पत्र आम्ही मंडळाला दिले आहे. अध्यक्ष दादा म्हणाले, 'बैठकीत ठेवू.' बैठक रविवारी संध्याकाळी सहा वाजता विहारात आहे.